पणजीपेक्षा लहान सरोवर

शाहरुख-काजोलचं 'गेरुआ' आठवतंय? २०१५ च्या 'दिलवाले'मधलं. कोसळणारा धबधबा, काळी वाळू, पाठीमागे निळसर बर्फ. ते सगळं आइसलंडच्या दक्षिण भागात चित्रित झालं होतं. आज तिथे एका दिवसाची सहल निघते. राजधानी रेक्याविकहून सकाळी लवकर बस सुटते, दोन मोठे धबधबे दाखवते, दुपारी हिमनगांच्या सरोवराशी नेते आणि रात्री उशिरा परत आणून सोडते. एका बाजूचंच अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास.

या सरोवराचं नाव योकुलसारलोन. योकुल म्हणजे हिमनदी, लोन म्हणजे किनाऱ्याजवळचं सरोवर. फोटोत ते युगानुयुगं तसंच असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते १९३४-३५ च्या सुमारास तयार होऊ लागलं. म्हणजे तुमच्या पणजीचा जन्म झाला तेव्हा बहुधा ते नव्हतंच. तिथे नुसता बर्फ होता.

पण आधी धबधबे. सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस, दोन्ही साधारण ६० मीटर उंच. पहिल्याच्या मागून चालत जाता येतं, म्हणून रीलमध्ये तोच जास्त दिसतो. ज्या कड्यावरून हे पाणी पडतं तो एके काळी समुद्रकिनारा होता. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने इथली जमीन खाली दबली होती. बर्फ वितळल्यावर ती हळूहळू वर आली, समुद्र मागे हटला आणि कडा आत राहिला. हे काम अजून संपलेलं नाही. पुढे पूर्वेला होफ्न नावाचं बंदराचं गाव आहे. तिथली जमीन आजही दर वर्षी एक सेंटिमीटरहून जास्त वर येते आहे, कारण शेजारच्या वात्नायोकुल या प्रचंड हिमाच्छादनाचं वजन कमी होतंय.

नवव्या शतकाच्या शेवटी नॉर्स लोक इथे वस्तीला आले, तेव्हा सरोवराच्या जागेच्या आसपास कुरणं होती. त्या भागाचं नाव ब्रेदामोर्क. त्यातल्या 'मोर्क'चा अर्थ जंगल. पुढे हवामान थंड होत गेलं. ज्याला इतिहासकार 'छोटं हिमयुग' म्हणतात, ते सुरू झालं. ब्रेदामेर्कुर हिमनदी खाली सरकू लागली. १७०० च्या आसपास ब्रेदा आणि फ्याल ही दोन जुनी शेतं तिच्यापायी ओस पडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर बर्फाची कड समुद्रापासून काहीशे मीटरवर येऊन ठेपली. आपल्याकडे नदी गाव गिळते, इथे बर्फाने गिळलं. फक्त सावकाश, माणसाला डोळ्यांदेखत बघता येईल इतकं सावकाश.

बर्फ सरकतो कसा, हे नीट ओळखणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एकाला ते याच भागात उमगलं. स्वेन पाल्सन पेशाने डॉक्टर आणि हाडाचा निसर्ग-अभ्यासक. १७९४ च्या ऑगस्टमध्ये तो ओराइवायोकुल या हिमाच्छादित ज्वालामुखीवर चढला. वरून खालच्या हिमनदीवरच्या वळणदार रेघा पाहून त्याच्या लक्षात आलं, की बर्फ घट्ट असला तरी दाट चिकासारखा वाहतो. त्याने हिमनद्यांवर ग्रंथ लिहून हस्तलिखित कोपनहेगनला पाठवलं. त्याच्या हयातीत ते छापलंच गेलं नाही.

तोवर इथल्या लोकांची रोजची अडचण वेगळी होती. हिमनदीतून निघून समुद्राला मिळणारी योकुलसा ही नदी जेमतेम दीड किलोमीटर लांब, पण गोठवणारी, गढूळ आणि दर काही दिवसांनी पात्र बदलणारी. पाण्याला सरावलेले घोडे आणि नदीची नस ओळखणारे वाटाडे यांच्याशिवाय ती ओलांडणं अशक्य. नदी अगदीच फुगली, की लोक थेट हिमनदीवर चढत. बर्फात पायऱ्या खोदायच्या, भेगांवर फळ्या टाकायच्या आणि घोडे पलीकडे न्यायचे. १९२७ मध्ये अशाच एका टपालाच्या खेपेत बर्फाची कड कोसळली. एक माणूस आणि काही घोडे गेले. डॉक्टर, टपाल, बाजार, सगळं या बर्फाच्या मर्जीवर चालत असे.

म्हणून हिमनदी मागे हटू लागली तेव्हा इथल्या कुणी उसासे टाकले नसतील. १९३० पासून योन एथोर्सन या हवामानशास्त्रज्ञाने देशभरातल्या हिमनद्यांची पद्धतशीर मोजणी सुरू केली. मोजणारे बहुतेक शेतकरीच. जमिनीवर एक खूण पक्की करायची आणि तिथून बर्फाच्या कडेपर्यंतचं अंतर दर वर्षी मोजायचं. ज्यांच्या पूर्वजांची शेतं बर्फाने खाल्ली, त्यांनीच बर्फ किती मागे गेला याचा हिशोब ठेवला. आज शास्त्रज्ञ जे आलेख काढतात, त्यांची सुरुवात या नोंदींपासून होते.

१९६७ मध्ये नदीवर पूल झाला. १९७४ मध्ये पश्चिमेकडच्या स्केदारा नदीवरचा पूल पुरा झाला आणि देशाभोवतीचा रिंग रोड जोडला गेला. तुमची सहलीची बस जाते तो हाच रस्ता. १९९६ मध्ये हिमनदीखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, महापूर आला आणि घराएवढे हिमनग वाहून आले. पुलाचे पिळवटलेले पोलादी तुळे आजही रस्त्याकडेला ठेवलेले आहेत.

सरोवर मात्र वाढतच राहिलं. १९७० च्या दशकापासून त्याचं क्षेत्रफळ सुमारे चौपट झालं आहे. भरतीचं खारं पाणी आत येतं म्हणून ते सहसा पूर्ण गोठत नाही. २००२ च्या बाँडपटासाठी गाड्या बर्फावरून पळवायच्या होत्या, तेव्हा समुद्राकडचं तोंड तात्पुरतं बंद करून ते गोठवावं लागलं होतं.

आणि भीती? ती गेलेली नाही, फक्त उलटी झाली आहे. २०१९ मध्ये आइसलंडने 'ओक' या मृत हिमनदीच्या जागी स्मृतिफलक लावला. पुढच्या पिढ्यांना लिहिलेलं पत्रच ते. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेदामेर्कुर हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला. १९२७ चा तो माणूस बर्फाशिवाय वाट नव्हती म्हणून तिथे होता. आजचा माणूस बर्फ संपण्याआधी बघायला येतो.

कधी गेलात, तर खुशाल फोटो काढा. फक्त एक करा. पुलापाशी पक्की जागा धरून, हिमनदीची कड दिसेल असा एक फोटो घ्या आणि त्याची तारीख जपा. त्या शेतकऱ्यांनी खूण पक्की करून केलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.