कागद आणि ओळख

परदेशी निघालेल्या कुशल माणसाच्या पेटीत दोन गोष्टी हमखास असतात : पदवीचे कागद आणि कोणा ओळखीच्या माणसाच्या पत्त्याची चिठ्ठी. कागदांवर त्याने उमेदीची वर्षे खर्चिलेली असतात. चिठ्ठी निघण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी हातात ठेवलेली असते. नव्या देशात पाऊल टाकल्यावर मात्र या दोहोंचे मोल पुष्कळदा उलटे ठरते. असे का व्हावे, हे जाणून घेण्यासाठी आम्ही कॅनडाच्या इतिहासाकडे वळतो. कारण आपल्या अनेक घरांतील मुले आज त्याच वाटेवर आहेत.

१९६२ पर्यंत कॅनडाचे दार वंश पाहून उघडत असे. त्या वर्षी नियमांतील वर्णभेद बव्हंशी दूर झाला आणि १९६७ साली गुणांची पद्धत आली. १०० पैकी ५० गुण मिळविणारास प्रवेश मिळू लागला. शिक्षणास २०, अधिकाऱ्याने केलेल्या व्यक्तिगत पारखीस व व्यवसायाच्या मागणीस प्रत्येकी १५, कौशल्य, वय, भाषा आणि आधीच ठरलेली नोकरी यांस प्रत्येकी १०, तेथील नातलग आणि त्या भागातील रोजगाराची संधी यांस प्रत्येकी ५, अशी ती वाटणी होती. वंशाऐवजी विद्या पाहिली जाऊ लागली, ही मोठीच गोष्ट होय. पण त्यात एक मेख होती. प्रवेश देणारे केंद्र सरकार, व्यवसायाचा परवाना देणाऱ्या प्रांतिक संस्था आणि नोकरी देणारा मालक, हे तिघे वेगळे होते. पहिल्याने मानलेला कागद उरलेल्या दोघांनी मानलाच पाहिजे, असे बंधन नव्हते.

या पार्श्वभूमीवर ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्याचा हुकूम दिला. मुदत ९० दिवसांची होती. कॅनडाने आपले अधिकारी कंपालास धाडले आणि सप्टेंबरअखेर पहिले विमान माँट्रियलला उतरले. आलेल्या हजारोंत गोव्याची कुटुंबेही होती. त्यांतील बरेच जण सरकारी कचेऱ्यांत जबाबदारीची कामे केलेले होते. माँट्रियलच्या लष्करी तळावर त्यांची विचारपूस झाली आणि गावोगावी स्थापन झालेल्या 'युगांडा समित्यां'नी त्यांना घर व काम शोधण्यास साहाय्य केले. अनोळखी माणसाला शहरात कोणीतरी ओळखीचे करून द्यावे लागते, ही जाण या समित्यांमागे होती.

गोवेकरांना ही जाण नवी नव्हती. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावाच्या नावाने चालणारे 'कूड' काय होते? बोटीवरच्या कामाची वाट पाहणाऱ्या तरुणाला तेथे अंथरूण मिळे, सायंकाळी रोझरी मिळे आणि कोणत्या बोटीवर माणसे घेत आहेत याची बातमीही मिळे. पुढे नैरोबी, कंपाला, एंटेबे येथे गोवेकरांच्या संस्था उभ्या राहिल्या, त्या याच मुळावर.

तथापि अशा घट्ट ओळखीलाही मर्यादा असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळील न्यूटन गावी २८२ सुशिक्षित नोकरदारांचा अभ्यास करून १९७४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. परंतु ज्यांनी ती सुचविली, त्यांपैकी वारंवार भेटणारे केवळ १७ टक्क्यांच्या आसपास होते. बाकीचे क्वचित किंवा कधीमधी भेटणारे! कारण उघड आहे. जवळच्यांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्याकडून येते. आपल्या माणसांत राहणाऱ्या अभियंत्याला छप्पर मिळते, गोदामातली पहिली नोकरीही मिळते. पण अभियंत्याची खुर्ची कोठे रिकामी आहे, हे त्या घोळक्यात कोणाला माहीत नसते. मग पहिली नोकरीच कायमची होऊन बसते.

वर 'कॅनडातील अनुभव आहे काय?' हा प्रश्न उभाच. काम नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून काम नाही, अशा चक्रात कित्येकांची विद्या गंजली. २०१३ साली आँटेरिओच्या मानवी हक्क आयोगाने, अशी सरसकट अट सकृद्दर्शनी भेदभावच होय, असे धोरण जाहीर केले. २०२३ साली त्या प्रांतातील अभियंत्यांच्या परवाना संस्थेने ही अट काढून टाकली. पुढे २५ वा अधिक नोकर असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत ती घालण्यास कायद्याने मनाई झाली. अंमलाची तारीख १ जानेवारी २०२६. कायद्याबरोबर माणसेही पुढे आली. टोरोंटोत २००३ साली स्थापन झालेल्या 'ट्रायेक' या संस्थेने नवागताची गाठ त्याच्याच व्यवसायातील स्थिरावलेल्या माणसाशी घालून देण्याचा उपक्रम चालविला. ही ओळख शिफारशीसाठी नव्हे, वाट दाखविण्यासाठी.

येथे आपल्या इतिहासाचेही एक पान उलटावे. मुंबई परिसरातील स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोवा व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांपासून आपण वेगळे ओळखले जावे आणि सरकारी नोकऱ्यांत आपला हक्क राहावा, हे त्यामागील एक कारण होते. त्यांची चिंता खरी होती. पण दाराच्या आत उभा असलेला माणूस बाहेरच्याकडे कसा पाहतो, हे त्यावरून कळते. आज आपली मुले बाहेर उभी आहेत.

वाचकहो, यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. जाणाऱ्याने आपल्या व्यवसायाचा परवाना कोणती संस्था देते, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी आणि तेथे गेल्यावर आपल्या माणसांचा आधार घ्यावा, पण त्यांच्यातच अडकून राहू नये. आणि जे तेथे पूर्वीच स्थिरावले आहेत, त्यांनी नव्याने आलेल्या माणसाला जेवू घालून थांबू नये. आपल्या कचेरीतील एका तरी सहकाऱ्याशी त्याची ओळख करून द्यावी. परक्याला घरात घ्या, ही आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विद्यावंत परक्याच्या बाबतीत त्याला त्याच्या कामापर्यंत पोहोचविल्याखेरीज ती पुरी होत नाही.