सुहूर सनातील अरबी लिंगविचार

सिल्वासालगतचे अथाल ज्या नगर हवेली परगण्यात वसले आहे, तो परगणा मराठ्यांनी १० जून १७८३ रोजी पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. मराठी दप्तराच्या गणनेनुसार त्या दिवशी ‘अर्बा समानीन मया व अलफ’, म्हणजे सुहूर सनाचे ११८४ वे वर्ष चालू होते. पेशवाईतील कागदांवर नित्य आढळणाऱ्या या शब्दांत अरबी व्याकरणाचा एक नियम टिकून राहिला आहे.

अरबीत विशेषण नामामागून येते आणि लिंग, वचन, विभक्ती व निश्चितता या चारही बाबतींत त्याचे सामान्यतः अनुसरण करते : ‘बैत कबीर’ म्हणजे मोठे घर, पण ‘मदीना कबीरा’ म्हणजे मोठे नगर. ‘एक’ हा संख्याशब्दही नामाचे लिंग घेतो. तीन ते दहा या संख्यांची रीत मात्र उलट आहे : पुल्लिंगी नामास स्त्रीप्रत्यययुक्त रूप, स्त्रीलिंगी नामास प्रत्ययरहित रूप. हिब्रूतही हेच दिसते. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात पुत्र सात म्हणून ‘शिवआ बानीम’, तर कन्या तीन म्हणून ‘शालोश बानोत’.

वर्षवाचक अरबी ‘सना’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणूनच आपल्या दप्तरात एकासाठी पुल्लिंगी ‘अहद’ न येता स्त्रीलिंगी ‘इह्दा’पासून झालेले ‘इहिदे’ येते, आणि ‘सलास’, ‘खमस’, ‘सीत’ ही रूपे प्रत्ययावाचून येतात. ‘अर्बा’, ‘सबा’, ‘तिसा’ यांतील अंत्य ‘आ’ पाहून तो स्त्रीप्रत्यय समजू नये. तो अरबी ‘ऐन’ या कंठ्य वर्णाचा मराठी उच्चार होय. ‘इसन्ने’ मात्र पुल्लिंगी रूपाशी जुळते.

फारसीत विशेषणास लिंग नाही आणि मराठीत ‘सन’ स्त्रीलिंगी नाही. तेव्हा ही रूपे अरबी कालनिर्देशाच्या ठरीव वाक्यरचनेतूनच तयार आली, हे उघड आहे. लेखकूंना नियम ठाऊक नसला तरी त्यांच्या लेखणीने तो पाळला.

कागद वाचताना ‘सबा’ सात व ‘सबैन’ सत्तर, ‘समान’ आठ व ‘समानीन’ ऐंशी, हा भेद सांभाळावा. अन्यथा एखाद्या इनामाचा काळ साठ-सत्तर वर्षांनी चुकेल. हे वर्ष जूनच्या आरंभी, सूर्याच्या मृगप्रवेशाने सुरू होते. त्यापूर्वीच्या महिन्यांसाठी ६०० व नंतरच्यांसाठी ५९९ मिळवावे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले.