श्रवणाकडून वाचनाकडे : एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाचा एक विचार

मराठी मुद्रणाचा इतिहास आता बऱ्याच तपशिलाने ज्ञात झाला आहे. अ. का. प्रियोळकर ह्यांचा भारतीय मुद्रणविषयक इंग्रजी ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाल्यापासून यंत्र कोठे आले, खिळे कोणी पाडले, पहिले पुस्तक कोणते, ह्या प्रश्नांची चर्चा पुष्कळच झाली. परंतु त्या पुस्तकाच्या दुसऱ्या टोकाला जो वाचक बसलेला होता, त्याचा इतिहास मात्र अद्याप उपेक्षितच राहिला आहे. वाचनाचे सुख ही सर्व काळी एकरूप असणारी वस्तू आहे असे आपण गृहीत धरतो आणि आजच्या वाचनाची स्थिती पाहून खेद करतो. हे गृहीत कितपत खरे आहे, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पोथीकडे पाहू. पोथी म्हणजे बोरूने लिहिलेल्या सुट्या आडव्या पानांचा गठ्ठा. वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती बासन. तीत शब्द सलग लिहिलेले असत. ओवीच्या अखेरचे दंड सोडल्यास विरामाची खूण नसे. अशी संहिता डोळ्यांनी भरभर चाळण्याची नव्हेच. ती उच्चारूनच उलगडावयाची. म्हणून पोथीचे सुख हे प्रायः श्रवणाचे सुख होते. देवळाच्या सभामंडपात पुराणिकाने अध्याय लावावा, अर्थ सांगावा, आणि भोवती बसलेल्या स्त्रीपुरुषांनी तो ऐकावा, ही त्या व्यवहाराची रूढ रीत. अक्षरओळख नसलेल्या मनुष्यालाही ह्या सुखाचा वाटा मिळे. परंतु कोणता ग्रंथ लावावा, कोठे थांबावे आणि मंडपात कोणी बसावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. ज्यांना देवळाची पायरीच वर्ज्य होती, त्यांना तर हा वाटाही दुरूनच घ्यावा लागे.

पोथी दुर्मिळ होती, ह्याची साक्ष लेखनिक स्वतःच देतात. पाठ, कंबर व मान मोडून आपण हे लिहिले आहे, तेल आणि पाणी ह्यांपासून ग्रंथाचे रक्षण करावे, अशी विनवणी हस्तलिखितांच्या अखेरीस वारंवार आढळते. शिवाय प्रत्येक प्रतीबरोबर पाठ बदलत जाई. एकनाथांना शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण करावे लागले ते ह्याच कारणाने.

मुद्रणाचा प्रवेश झाला तरी ही स्थिती एकाएकी पालटली नाही. गोव्यात १५५६ सालीच छापखाना आला होता आणि फादर स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. परंतु ते रोमन लिपीत. १८०५ हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या साली श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्यांचे मराठी व्याकरण छापले गेले आणि त्याच साली मिरज येथे ताम्रपटांवर कोरलेली भगवद्गीता मुद्रित झाली. नाना फडणविसांच्या काळी पुण्यात आरंभिलेला हा उद्योग पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेला. म्हणजे मुद्रण ही केवळ मिशनऱ्यांनीच आणलेली गोष्ट होती, असे म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. तथापि मिरजेचा प्रयत्न पुढे चालू राहिला नाही, हेही खरे.

मुद्रित ग्रंथ घराघरांत नेण्याचे श्रेय मुंबईच्या कारागिरांकडे जाते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अनुभव घेतलेल्या गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. छापील ग्रंथाच्या शाईत चरबी असते, ह्या शंकेने धर्मनिष्ठ लोक त्याला शिवत नसत. म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली. गोविंद नारायण माडगांवकर ह्यांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ ह्या ग्रंथावरून दिसते की, त्या वेळीही छापील कागदाचा स्पर्श टाळणारे लोक होते. ह्या आक्षेपाची केवळ थट्टा करून भागणार नाही. पोथी ही सोवळ्यात हाताळण्याची वस्तू होती. पुस्तक कोणाच्याही हातात जाऊ शकत होते. शाईविषयीच्या शंकेत ही दुसरी धास्तीही मिसळलेली असावी, असा आमचा तर्क आहे.

मुद्रकांनी नव्या वस्तूला जुने रूप दिले, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर आणली. जावजी दादाजी ह्यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) सुबक खिळ्यांचा आदर्श घालून दिला. परंतु छापील पोथ्या मात्र सुट्या आडव्या पानांच्याच निघत राहिल्या. ज्या ग्रंथाचे पारायण करावयाचे त्याचा आकार पोथीचा आणि जो एकट्याने वाचावयाचा त्याचा आकार बांधीव पुस्तकाचा, अशी एक अलिखित विभागणीच रूढ झाली. पहिली रीत दुसरीने नष्ट केली नाही.

एकट्याने वाचण्याची सोय ज्या लहानशा साधनांनी केली, त्यांत विरामचिन्हांचे स्थान मोठे आहे. मेजर कँडी ह्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. पुराणिक आपल्या आवाजाने जे काम करी, ते आता स्वल्पविराम व पूर्णविराम करू लागले. ह्यानंतर थोड्याच काळात बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) ही पुस्तके आली. कादंबरी हा प्रकार मूकवाचनाशी किती निगडित आहे, ह्याचा विचार करता हा क्रम केवळ योगायोग वाटत नाही. १८९० मध्ये हरिभाऊ आपटे ह्यांनी साप्ताहिक काढले आणि त्याला ‘करमणूक’ हे नाव दिले. वाचन हे पुण्यासाठी नव्हे, परीक्षेसाठीही नव्हे, तर मनाच्या विसाव्यासाठी असू शकते, ही मान्यता त्या नावात आहे.

ही मान्यता सर्वांना सारख्याच सुखाने मिळाली नाही. रमाबाई रानडे ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, पती शिकवीत असताना घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष कसा सोसावा लागला, ते सांगितले आहे. ह्याच घरांतील स्त्रिया पुराण ऐकावयास जात. त्यास कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती स्त्रीने हातात पुस्तक घेण्याला. श्रोत्याला काय ऐकावे हे दुसरा सांगतो. वाचकाला ते स्वतः निवडता येते. घरच्या मंडळींनी हा भेद आपल्या परीने अचूक ओळखला होता, असेच म्हटले पाहिजे.

उलट दिशेचे उदाहरण जोतीराव फुले ह्यांचे. त्यांचा शिवाजीराजांवरील पवाडा १८६९ साली पुस्तकरूपाने छापला गेला; परंतु तो कुणबी, माळी, महार, मांग आदी लोकांसाठी सोप्या भाषेत रचलेला होता आणि पवाडा हा मुळातच गाऊन ऐकविण्याचा प्रकार. छापील अक्षर येथे पुन्हा आवाजाच्या आश्रयाला गेले. ज्यांना शाळा नाकारली गेली होती, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग होता. तात्पर्य, श्रवण म्हणजे जुने आणि वाचन म्हणजे नवे, अशी सरळ वाटणी करता येत नाही.

ग्रंथालयांच्या इतिहासातही ही संमिश्रता दिसते. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) येथील संस्था इंग्रजी अमदानीच्या पहिल्या पिढीत निघाल्या. पुढे वि. ल. भावे प्रभृतींनी ठाण्यास १८९३ मध्ये आणि अन्य मंडळींनी मुंबईस १८९८ मध्ये जी संग्रहालये काढली, ती मराठी ग्रंथांसाठी म्हणूनच. ठाण्याच्या संग्रहालयाचे एक संस्थापक जुन्या कवितेचे साक्षेपी संशोधक असावेत, हे अर्थपूर्ण आहे. नव्या ग्रंथाची सोय आणि जुन्या पोथीची चिंता ही दोन्ही एकाच मनात वसत होती.

आज ग्रंथ पडद्यावर वाचला जातो आणि ध्वनिमुद्रित होऊन ऐकलाही जातो. ऐकणे म्हणजे वाचनाची अवनती, असा सूर विद्वानांच्या बैठकींतही निघतो. वरील विवेचनानंतर तो सूर मान्य करणे कठीण आहे. शतकानुशतके मराठी ग्रंथ बहुतेकांनी ऐकलाच. माध्यम कोणते, ह्यापेक्षा निवड कोणाच्या हाती आहे आणि सुखात वाटा कोणाकोणाला मिळतो, हेच प्रश्न प्रत्येक काळी निर्णायक ठरले आहेत.

ह्या विषयाची साधने विखुरलेली आहेत, तरी ती दुर्मिळ नाहीत. पोथ्यांच्या समासांतील टिपणे, जुन्या पुस्तकांच्या अखेरीस छापलेल्या आश्रयदात्यांच्या याद्या, ग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या आणि स्त्रियांची आत्मचरित्रे ही सारी वाचकाची साक्ष देतात. ग्रंथालयांच्या वह्या तर जागेच्या अभावी रद्दीत जाण्याचा धोका नेहमीच असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या जुन्या वाचनालयापासून हे काम आरंभिल्यास मराठी वाङ्मयेतिहासाची जी बाजू आजवर अंधारात राहिली, ती उजेडात येऊ शकेल.