घमेले आणि एक टक्का

बोरगाव हे नाव गोमंतकीय वाचकाच्या कानावर आले असेलच असे नाही. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर तालुक्यात हे गाव लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. मराठी मात्र घराघरांत टिकली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला. बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. रेमंडची १९९१ सालची गिरणी तिथलीच.

कारखान्याच्या इतिहासात स्थापनेचे साल सापडते, मालकाचे नाव सापडते. पायाची माती कुणी डोक्यावरून वाहिली, हे सापडत नाही. आमच्या गोव्यातील पूल, हॉटेले आणि इमारतींचेही तेच. बांधकामावर बाई दिसते ती घमेले घेऊन. गवंडी पुरुष, बाई बिगारी. वर्षानुवर्षे काम करूनही तिच्या हाती थापी क्वचितच येते.

अमेरिकेत १९५३ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे बांधकाम व्यवसायातल्या १६ बायका एकत्र आल्या आणि त्यांनी संघटना काढली. १९५५ मध्ये ती राष्ट्रीय झाली. तिच्या शाखा गोल्फच्या स्पर्धा भरवतात आणि त्यातून मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभा करतात. उपक्रम चांगलाच आहे. पण घमेले वाहणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न वेगळा असतो: कामावर असताना तान्हे मूल ठेवायचे कुठे?

या प्रश्नाचे एक उत्तर १९६९ साली दिल्लीत मिळाले. गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. मजूर बायकांची मुले तिथेच धुळीत, खडीच्या ढिगाशेजारी पडलेली. मीरा महादेवन यांनी ते पाहिले आणि तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. बांधकाम संपले की मजूर पुढे जातात, म्हणून पाळणाघरानेही त्यांच्यामागे जायचे. पुढे मुंबई-पुण्यातही हे काम पोचले. मीराबाई जन्माने बेने इस्रायली, म्हणजे कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या ज्यू समाजातल्या. त्या हिंदीत लिहीत. 'अपना घर' ही त्यांची कादंबरी याच समाजावर आहे. दुसऱ्यांची घरे बांधणाऱ्या बायकांच्या मुलांना सावली देणारी बाई 'अपना घर' लिहिते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

परंतु दयाबुद्धीने किती तंबू उभे राहणार? बांधकाम मजुरांच्या संघटनांनी कायदा मागितला. १९९६ साली तो झाला. पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे झाले. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला आणि तो मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जाऊ लागला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा उपकर ठेवला आहे. म्हणजे देणगीच्या जागी हक्क आला.

मग पाळणे हलू लागले का? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर जे आकडे आले ते वाचून मी सुन्न झालो. ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले होते आणि खर्च झाला होता सुमारे ९,५०० कोटींचा. उरलेले सुमारे २८,००० कोटी पडून! मजुराची नोंद नाही, कामाचा दाखला नाही, आज या गावी तर उद्या त्या गावी. मग पैसा तिच्यापर्यंत पोचणार कसा?

गोल्फच्या मैदानावर जमलेला निधी थोडा असेल, पण तो कुणासाठी आहे हे देणाऱ्याला ठाऊक असते. आपल्याकडे निधी कायद्याने जमतो, आणि जिच्यासाठी जमतो तिचे नावच यादीत नसते. म्हणून माझ्या मते आजचे पहिले दान पैशाचे नाही. आपल्या घराचे, देवळाच्या सभामंडपाचे काम निघेल तेव्हा घमेले उचलणाऱ्या बाईला नाव विचारावे, तिची नोंदणी झाली आहे का ते पाहावे, झाली नसेल तर कंत्राटदाराकडून कामाचा दाखला मिळवून द्यावा. तिचा एक टक्का तिच्यापर्यंत पोचण्याची वाट तिथूनच सुरू होते.