मंगळावरचा शिधा
(प्रस्तावना)

परग्रहावर अडकलेल्या माणसाची गोष्ट कुणीही सांगो, तिच्या पोटात वाणसामानाची एक यादी असतेच. हवा किती तास पुरेल, पाणी किती दिवस, खायला किती आठवडे. बायरन हॅस्किन यांचा 'रॉबिन्सन क्रूसो ऑन मार्स' हा १९६४ सालचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा याने, उल्का, परग्रहवासी हे सगळे मागे पडले आणि ही यादीच तेवढी मनात राहिली. म्हणजे मी विज्ञानकथेच्या अभ्यासात शिरले ती स्वयंपाकघराच्या दारातून. वाचकांनीही त्याच दाराने यावे, असे आवतण द्यायला ही प्रस्तावना.

पुस्तक जन्मले ते अरेरा कॉलोनीत. (मराठीत 'कॉलनी' म्हणायला हवे, पण इथल्या पाट्यांवर 'कॉलोनी' आहे आणि भोपाळी मराठी माणसाच्या तोंडीही तीच बसली आहे.) महिन्यातून एका रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत आठदहा जण जमतात, चित्रपट बघतात, मग पोहे खात भांडतात. भेलमधून निवृत्त झालेले दोन इंजिनिअर, एक शाळामास्तरीण, मुलताईकडच्या काकू आणि ज्यांना इंग्रजी सबटायटल वाचून दाखवावे लागते असे एक आजोबा. पुढची प्रकरणे या भांडणांतूनच आली आहेत. त्यामुळे आधी काही वाचलेले असण्याची अट नाही.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात अशी. उल्केची टक्कर चुकवताना यानाचे इंधन संपते आणि दोघे अंतराळवीर वेगवेगळ्या कुप्यांतून मंगळावर उतरतात. एक मरतो. दुसरा, कमांडर किट ड्रेपर, आणि मोना नावाची माकडीण एवढे उरतात. डोक्यावरून ठरावीक वेळाने त्यांचे यान फेरी मारून जाते. त्यात खाणेपिणे भरलेले, पण खाली उतरायला इंधन नाही. भरलेले कोठार रोज डोळ्यांसमोरून जावे आणि किल्ली हाती नसावी, ही कल्पना मला साऱ्या चित्रपटात सर्वांत क्रूर वाटते. पुढे ड्रेपरला कळते की तिथले पिवळे दगड तापवले की प्राणवायू सुटतो. हवेची सोय झाली. अन्नपाण्यानंतर उरते सोबत, आणि तिच्या अभावी त्याला मेलेला सहकारी दिसू लागतो. हवा, पाणी, अन्न, सोबत: चित्रपट याच क्रमाने पुढे सरकतो आणि आमची प्रकरणेही.

'पण हे सगळे खोटे ना?' हा प्रश्न पहिल्याच रविवारी आला. आला ते बरे झाले, कारण या क्षेत्राची खरी सुरुवात तिथून होते. चित्रपट लागल्यावर जेमतेम वर्षभराने, जुलै १९६५ मध्ये, मरिनर-४ मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या बावीसेक छायाचित्रांत विवरांनी भरलेले ओसाड रान होते, आणि हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी निघाला. तिथे ड्रेपरसारखे काही मिनिटेदेखील उघड्या नाकाने फिरता यायचे नाही. निर्मात्यांनी शास्त्रशुद्धतेचा डांगोरा पिटला होता, तो वर्षभरात फुटला.

तरी सगळेच फुटले असे नाही. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत झाले. तिथले निळेभोर आकाश हाच निळा पडदा मानून त्या जागी तांबूस आकाश बसवले गेले. १९७६ मध्ये व्हायकिंग-१ ने मंगळावरून पहिले रंगीत चित्र पाठवले, तेव्हा प्रत्यक्ष शास्त्रज्ञांनी आधी निळसर आकाशाचे चित्र प्रसिद्ध केले आणि मग दुरुस्ती करून ते गुलाबीसर केले. या एका बाबतीत नासाने चूक केली होती आणि हॉलिवूडने नाही. दगडातून प्राणवायूची कल्पनाही अगदीच टाकाऊ नव्हती. २० एप्रिल २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्स या बग्गीवरच्या 'मॉक्सी' उपकरणाने मंगळावर प्राणवायू तयार केला. दगडातून नव्हे, तिथल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून, तो सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून. २०२३ पर्यंत १६ खेपांत मिळून १२२ ग्रॅम जमला. माणसाला दिवसाला ८०० ग्रॅमहून अधिक लागतो. म्हणजे दोन वर्षांच्या खटाटोपात एका माणसाची साडेतीन तासांची सोय. आमच्या इंजिनिअरांपैकी एकाने हा हिशेब पोह्यांच्या बशीमागे पेन्सिलीने केला होता.

डार्को सुविन या समीक्षकाने १९७० च्या दशकात विज्ञानकथेची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा असा: आपले जग परके करून दाखवायचे, पण त्या परकेपणाला बुद्धीला पटेल असे कारण द्यायचे. या व्याख्येवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. मला तिचा अर्थ एका संध्याकाळी कळला. ड्रेपर रिकाम्या होत आलेल्या टाकीतून श्वास ओढत होता, तेव्हा आजोबा उठून गच्चीवर गेले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री ते स्टेशनजवळ राहत होते. कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे, जुन्या शहरावर पसरला. अरेरा कॉलोनी त्याहूनही पुढे दक्षिणेला, उंचावर. ती बरीचशी वाचली आणि इथल्या कित्येकांना काय झाले ते सकाळी कळले. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी गोष्ट वेळेवर सांगणारे कुणी नव्हते. श्वास घेता न येणारी हवा ही कल्पना करायची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्या शहरात ते म्हणू नये. त्या संध्याकाळी पुढचा अर्धा चित्रपट आम्ही पाहिला नाही. हवेवरच्या प्रकरणात या रात्रीचा उल्लेख एवढाच आहे. आजोबांनी याहून जास्त सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

ड्रेपरची रीत मात्र आमच्या भागाला ओळखीची आहे. बघायचे, करून पाहायचे, चुकले तर परत करायचे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झाला तो याच रीतीवर. तो पुढे नेणाऱ्या 'एकलव्य' संस्थेचे कार्यालय बरीच वर्षे इथेच, ई-७ सेक्टरात होते. या कार्यक्रमात काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब जोडून आकार बनवायला शिकवणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रात गेले. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे तेच. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेऊन. कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी तिची दखल घेतली.

इथे माझी एक तक्रार आहे, ती संपादकांनी काढू नये अशी विनंती केली आहे. मराठी विज्ञानकथेत एकटा माणूस फारसा सापडत नाही. शास्त्रज्ञ असतो, पण त्याच्या भोवती बायको, मित्र, सहायक, संपादक, पोलीस अशी वरात असते. नारळीकरांच्या 'प्रेषित' मध्ये तर उलटाच क्रूसो आहे: परग्रहावरून आलेले मूल पृथ्वीवर वाढते, म्हणजे वाचलेला तो आणि परका ग्रह आपला. कदाचित आपल्याला माणूस एकटा ठेववत नाही. याला काही जण आपल्या लेखकांचे भित्रेपण म्हणतात. मला ते तसे वाटत नाही, पण पुरावा अपुरा आहे आणि तरुण अभ्यासकांनी या प्रश्नाला हात घालावा.

सोबतीचा प्रश्न मूळ क्रूसोतही सरळ नाही. डॅनिअल डीफोच्या १७१९ सालच्या कादंबरीत फ्रायडे येतो तो चाकर होऊन. चित्रपटातला फ्रायडे परग्रहावरच्या खाणींतून पळालेला गुलाम आहे. ड्रेपर त्याला वाचवतो आणि लगेच मालकाच्या सुरात बोलायला लागतो, त्याला इंग्रजीही शिकवतो. साहेबाची भाषा दीडशे वर्षे शिकलेल्या वाचकाला हे प्रसंग बघताना गंमत आणि चीड दोन्ही येते. अँडी वीअरच्या कादंबरीवरून २०१५ मध्ये आलेल्या 'द मार्शियन' ने हा गुंता टाळला. त्याच्या नायकाला फ्रायडे भेटतच नाही; तो बटाटे लावतो. (२००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट हे क्षार सापडले, तेव्हा ती माती धुतल्याशिवाय बटाट्याचे काही खरे नाही.)

पुस्तक वाचण्याआधी चित्रपट पाहावा, जमल्यास चारचौघांत. एकशे दहा मिनिटे लागतात. पाण्याचा प्रसंग नीट बघा. मोनाला पाणी नको असते, म्हणजे ते तिला दुसरीकडे कुठेतरी मिळत असणार, हे ड्रेपरच्या लक्षात येते. तो तिला खारे बिस्किट देतो, पाणी देत नाही, आणि तहानेने ती निघाली की मागोमाग जाऊन गुहेतले पाणी गाठतो. याचे आमच्या इंजिनिअरांनी फार कौतुक केले. मुलताईच्या काकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? म्हैस पाण्याला तोंड लावत नसली की आम्ही आंबोणात मूठभर मीठ टाकायचो."

पाण्यावरच्या प्रकरणाचे नाव त्यांच्या परवानगीने 'मूठभर मीठ' असे ठेवले आहे.

अरेरा कॉलोनी, भोपाळ