कसेल त्याची जमीन. मग द्राक्षबाग कसतो कोण?



दसरा-दिवाळीच्या सुमारास एकदा सकाळी लवकर नाशिकहून दिंडोरीकडे किंवा पिंपळगाव बसवंतकडे निघा. पिकअपमध्ये दाटीवाटीने उभी राहून कामाला चाललेली माणसे दिसतील. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून आलेले कोकणा, महादेव कोळी, वारली आदिवासी असतील. गावातल्या बौद्धवाड्यातून आणि मातंगवस्तीतून निघालेल्या आयाबहिणी असतील. बाग धरायची वेळ झालेली असते. पुढचे सहा महिने हीच माणसे या मांडवाखाली हात वर करून उभी राहणार असतात.

मग कधीतरी पेपरात बातमी येते. 'दोन एकरांत एका कुटुंबाने फुलवली द्राक्षबाग.' फोटोत नवरा, बायको, मुलगा आणि वडील. पिकअपमधली माणसे फोटोत नाहीत. ती चौकटीबाहेर कशी गेली, याला मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला आहे. तोच आज मांडायचा आहे.

आधी साधा हिशोब करू. वेली ९ बाय ५ फुटांवर लावल्या तर एका एकरात ९६८ बसतात. वेलीमागे फक्त तीस घड धरले तरी एकरात २९ हजार घड होतात. दोन एकरांत ५८ हजार. मणी विरळायला प्रत्येक घडाला एकदा हात लागतो, जीएच्या द्रावणात बुडवायला एकदा-दोनदा आणि तोडणीला एकदा. म्हणजे सुमारे दोन लाख वेळा माणसाचा हात घडापर्यंत गेला पाहिजे. त्याआधी एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणे आणि फेलफूट काढणे आहेच. यातले प्रत्येक काम ठरलेल्या दिवसांतच उरकावे लागते. विरळणी आठ दिवस लांबली तर मणी फुगत नाही आणि माल निर्यातीतून जातो. चार माणसांच्या कुटुंबाने रात्रंदिवस राबायचे ठरवले तरी हे होणारे नाही. द्राक्षबाग कुटुंबाच्या मालकीची असते. ती कुटुंबाच्या श्रमावर उभी असते, हे म्हणणे खोटे आहे.

आता कोणी म्हणेल, दोन एकरवाला अल्पभूधारक आहे, त्याला कशाला बोल लावता? याचे उत्तर बाबासाहेबांनी १९१८ सालीच देऊन ठेवले आहे. 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'मध्ये त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहिला. त्या काळचे सगळे पंडित जमिनीचा तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात, असे सांगत होते. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. जमीन लहान की मोठी हे एकर मोजून ठरत नाही. तिच्यावर भांडवल किती, अवजारे किती, माणसे किती, या प्रमाणावर ते ठरते. भांडवल नसेल तर थोडी जमीनही जास्त होते. हीच मोजपट्टी आज लावा. मांडव, तारा, ठिबक, विहीर, औषधे आणि ट्रॅक्टर असलेली दोन एकर द्राक्षबाग आणि सुरगाण्याच्या उतारावरची दोन एकर नागली सातबाऱ्यावर सारखी दिसतात. पण एक शेत माणसे कामाला बोलावते आणि दुसरे माणसांना कामासाठी बाहेर काढते. दोघांनाही 'अल्पभूधारक' म्हणणारी सरकारी भाषा हा फरक झाकून टाकते.

या भाषेचे मूळ १९४८च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात आहे. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कूळ जमिनीचा मालक झाला. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा खरी झाली, असे आपल्याला शाळेत शिकवतात. लाखो कुळांना जमीन मिळाली, हे नाकारायचे कारण नाही. आजच्या बागायतदारांपैकी कित्येकांचे आजे-पणजे कूळच होते. पण कसणे म्हणजे काय, याची व्याख्या कलम २ मध्ये आहे. ती आपल्यातल्या प्रत्येकाने वाचावी. स्वतःच्या श्रमाने कसणे म्हणजे कसणे. कुटुंबातल्या माणसांच्या श्रमाने कसणे म्हणजेही कसणे. आणि तिसरा प्रकार असा की स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणे, हेसुद्धा व्यक्तिशः कसणेच. अट एवढीच की मजुरी रोख किंवा वस्तूत द्यायची, पिकाचा वाटा द्यायचा नाही.

ही अट नीट समजून घ्या. पिकात वाटा दिला तर कसणारा उद्या कूळ म्हणून हक्क सांगू शकतो. रोजंदारी दिली तर तो जन्मभर मजूरच राहतो. बांधावर उभा राहून देखरेख करणारा कायद्याने 'कसणारा' ठरला आणि वाकून राबणारा कायद्याच्या नजरेतून गेला. जो माणूस ऑक्टोबरात एका बागेत, डिसेंबरात दुसऱ्या आणि मार्चमध्ये तिसऱ्या बागेत असतो, त्याचे नाव कुठल्या सातबाऱ्याच्या कुठल्या रकान्यात येणार? हंगामी मजूर ही काही निसर्गाने घडवलेली जात नाही. जमीनसुधारणेच्या कायद्यानेच त्याला बाहेर ठेवले.

आपल्या समाजाचे काय झाले? आपण बहुतांशी कूळही नव्हतो. महारांकडे वतन होते आणि त्या वतनाच्या बदल्यात गावकीची चोवीस तासांची वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हापासून ही लढाई चालू होती. वतने गेली ती १९५८च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तोवर वतनाच्या जमिनीचे भाऊबंदांत इतके तुकडे पडले होते की त्यावर पोट भरणे शक्य नव्हते. गुलामी सुटली हे मोठेच झाले, पण सुटलेली माणसे बहुतेक ठिकाणी रोजंदारीवरच गेली.

मग १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला. १९७५च्या सुधारणेनंतर दोन पिकांच्या खात्रीच्या पाण्याच्या जमिनीची मर्यादा १८ एकर ठरली. पुन्हा मोजले काय, तर एकर. अठरा एकर ज्वारी आणि अठरा एकर द्राक्ष यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे १९१८चा तो लेख वाचलेल्या कोणालाही कळले असते.

मजुरांच्या बाजूने कायदा झालाच नाही, असे मात्र नाही. तो बाबासाहेबांनीच आणला. मजूरमंत्री असताना ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात शेतीकाम होते आणि त्यात फळबागांचा माल पिकवणे व काढणे हेही शब्दांत लिहिले होते. म्हणजे द्राक्ष तोडणारी बाई कायद्याच्या कक्षेत पहिल्या दिवसापासून होती. पण काम एकरावर उक्ते दिले, टोळीचा मुकादम मधे घातला आणि हजेरीचे कागद ठेवलेच नाहीत, तर किमान वेतन मोजायचे कशावर? १९५१चा मळे कामगार कायदा चहा, कॉफी, रबर, सिंकोनाच्या मळ्यांसाठी झाला. मजुरांसाठी घर, दवाखाना, पाळणाघर हे सगळे त्यात होते, पण द्राक्षबाग त्याच्या यादीत नव्हती. १९७९चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. सुरगाण्याहून निफाडला येणारा माणूस भाषा, घर, शाळा आणि रेशन सगळे मागे टाकून येतो, पण राज्य ओलांडत नाही. म्हणून तो 'स्थलांतरित'ही नाही.

यात विरोधाभास बघा. २००६ पासून अपेडाची 'ग्रेपनेट' ही व्यवस्था आहे. युरोपात गेलेली द्राक्षाची पेटी कोणत्या प्लॉटमधून आली, हे त्यावरून कळते. २०१० साली क्लोरमेक्वाट, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतले सीसीसी, या संजीवकाचे अंश सापडले आणि युरोपने आपला माल अडवला. तेव्हापासून अंशांची तपासणी आणखी कडक झाली. खाणाऱ्याच्या पोटात काय जाते, याची नोंद आहे. पेस्ट लावताना, फवारताना, बुडवताना मजुराच्या कातडीत आणि श्वासात काय जाते, याची नोंद कुठे आहे? घडाचा माग लागतो. घड पिकवणाऱ्या माणसाचा लागत नाही.

जिथे असा माग लावायला भाग पाडले, तिथला इतिहासही आपल्याला माहीत हवा. आपल्याकडे 'थॉमसन' म्हणून जी बिनबियांची जात सर्वत्र झाली, तिचे नाव कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदाराचे आहे. त्याच कॅलिफोर्नियात डेलानो गावी ८ सप्टेंबर १९६५ रोजी द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला. अमेरिकेच्या १९३५च्या कामगार कायद्याने शेतमजुरांना संघटनेच्या हक्कातून वगळले होते. तिथेही 'शेती वेगळी, कारखाना वेगळा' हाच युक्तिवाद होता. संप सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली. फिलिपिनोंनी काम थांबवले की मेक्सिकन आणायचे आणि मेक्सिकनांनी थांबवले की फिलिपिनो आणायचे, ही मालकांची जुनी रीत होती. आठवडाभरात सीझर चावेझ यांच्या मेक्सिकन मजुरांनी संपात उतरायचे ठरवले आणि ती रीत मोडली. लोकांनी द्राक्षे घेणे बंद केले. पाच वर्षांनी, १९७० साली, मालकांनी करारावर सह्या केल्या. आपल्याकडे वेल आली, मांडव आला, निर्यात आली. संघटना तेवढी आली नाही.

डेलानोचा धडा आपल्यालाच लागू पडतो, म्हणून हे सांगितले. गावातल्या आपल्या बायकांनी मजुरी वाढवून मागितली की उत्तर तयार असते: 'डोंगरातली टोळी निम्म्यात करते.' आणि टोळीला सांगितले जाते: 'गावातली माणसे माजलीत, तुम्ही गुपचूप काम करा.' आपल्यातलेही काही जण आदिवासींना 'भाव पाडणारे' म्हणतात. हे बोलणे मालकाचे आहे, ते आपल्या तोंडात शोभत नाही. पेठ-सुरगाण्यात धो धो पाऊस पडतो, तो पश्चिमेला वाहून जातो आणि उन्हाळ्यात बायका हंड्यासाठी मैलोगणती चालतात. वनजमिनीचे पट्टे नीट मिळाले असते, तिथे पाणी अडले असते, तर कोणी हौसेने पोरंबाळं घेऊन ताडपत्रीखाली राहायला आले नसते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या लाँग मार्चमध्ये याच तालुक्यांतली माणसे होती. रक्ताळलेल्या पायांचे ते फोटो देशाने पाहिले. त्यांतले कित्येक पाय द्राक्षबागेतही चाललेले होते.

एक आक्षेप हमखास येईल: शेतकरीच कर्जात बुडालाय, अवकाळीत बाग गेली, व्यापारी पैसे बुडवून पळाला, आणि तुम्ही मराठा, माळी, वंजारी बहुजनांत भांडण लावता. बागायतदाराची अडचण खरी आहे. घरातली बाईही मांडवाखाली राबते, हेही खरे. पण बँकेचे व्याज, औषधाचे बिल आणि व्यापाऱ्याची कपात यांपुढे मान तुकवायची आणि सगळ्यात शेवटी सुरगाण्याच्या बाईच्या रोजातून पैसे वाचवायचे, ही कसली बहुजन एकी? एकी बरोबरीच्या पायावर होते. ज्याचा आजा कूळकायद्याने मोकळा झाला, त्याने आपल्या बागेतल्या मजुराच्या हक्काच्या आड येऊ नये, एवढी अपेक्षा जास्त नाही.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ आणि पुन्हा १९६४-६५ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. जमिनीचा प्रश्न हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे, हे त्यांनी तुरुंग भरून सांगितले. बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात शेती राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता सामूहिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही उरणार नाहीत, असा आराखडा दिला होता. तो स्वीकारला गेला नाही. त्याची किंमत आज कोण मोजते, ते सकाळच्या पिकअपमध्ये दिसते.

जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांना माझी एक विनंती आहे. या हंगामात एक वही घाला. तुमच्या गावात किती टोळ्या आल्या, कोणत्या पाड्यावरून आल्या, किती दिवस राबल्या, बाईला किती आणि गड्याला किती मिळाले, किती मुले शाळेबाहेर आहेत, सगळे तारखेसह लिहा. समान वेतनाचा हक्क १९७६ पासून कायद्यात आहे, पण त्याला पुरावा लागतो. ती वही घेऊन तहसीलदार आणि कामगार अधिकाऱ्याकडे जा. आणि जाताना आदिवासी साथींना बरोबर घ्या, कारण गावचा दर वेगळा आणि डोंगराचा वेगळा राहिला तर दोघेही हरतील.

कायद्याने ज्यांची नोंद ठेवली नाही, त्यांची नोंद आपणच ठेवायला सुरुवात करू.

जय भीम! जय आदिवासी!