चांदीच्या पहाऱ्याची खोली

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात नव्या मोठ्या घरांच्या नकाशांवर स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली दिसते. तिच्यात ओटा, सिंक, भिंतभर कपाटे आणि कॉफीचे यंत्र असते, आणि नकाशावर तिचे नाव असते ‘बटलर्स पॅन्ट्री’. घरात बटलर, म्हणजे नोकरांतला मुख्य पुरुष नोकर, मात्र नसतो. अशी खोली घ्यावी की नाही, याचा विचार बहुधा चौरस फुटांत आणि पुढे घर विकताना मिळणाऱ्या किमतीत होतो. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हे, की ही खोली मुळात कशासाठी बांधली गेली आणि ती गरज आज उरली आहे का.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज श्रीमंतांच्या वाड्यांत ही खोली साठवणीची नव्हती. मांस-मासळी ‘लार्डर’मध्ये राही, मुरंबे आणि सरबते ‘स्टिल-रूम’मध्ये, भाज्या धुणे नि खरकटी भांडी घासणे ‘स्कलरी’त चाले. बटलरच्या ताब्यात असत ती चांदीची भांडी, काचेचे पेले आणि टेबलावर जायची दारू. वास्तुविशारद रॉबर्ट कर यांनी १८६४मध्ये ‘द जंटलमन्स हाऊस’ या ग्रंथात अशा घरांची रचना तपशिलाने मांडली. त्या रचनेत बटलरची खोली जेवणघराजवळ असे आणि पुढच्या दारावर तिथून लक्ष ठेवता येई. स्वयंपाकघर मात्र वास येऊ नये म्हणून दूर. चांदीसाठी भक्कम तिजोरी असे, आणि पुष्कळ घरांत एक नोकर तिच्याच दाराशी घडीच्या खाटेवर झोपे. सिंक लाकडाचे किंवा आतून शिशाचा पत्रा लावलेले असे, कारण त्या मऊ पृष्ठावर काचेला टवका जात नाही. चांदीला लाल भुकटी लावून ती उघड्या अंगठ्याने तासन्‌तास घासावी लागे. नव्या पोरांच्या बोटांना त्याने फोड येत. म्हणजे ही खोली पहाऱ्याची आणि माणसांच्या कष्टांची होती.

तिचे महत्त्व वाढले त्यामागे जेवणाची बदललेली रीतही होती. पूर्वी बरेच पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात. त्या शतकात रशियन पद्धत रूढ झाली. एकेक पदार्थ क्रमाने वाढायचा, आणि दर पदार्थाला नवी ताटली, नवे काटे-चमचे. एका पंक्तीला लागणारी भांडी वाढली आणि ती पुसून, मोजून हाती देणारे हातही वाढले. हे हात स्वस्त होते, पण पुरुष नोकर ठेवणे प्रतिष्ठेचे मानले जाई. १७७७ साली ब्रिटिश सरकारने प्रत्येक पुरुष नोकरामागे मालकावर एक गिनी कर बसवला आणि तो कर १९३७पर्यंत टिकला. १९११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ लाख स्त्रिया घरकामाच्या नोकरीत होत्या. दोन महायुद्धांनंतर हे मनुष्यबळ कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेले, मोठी घरे चालवणे परवडेना, आणि पॅन्ट्री अडगळीची झाली. तोवर युरोपात उलट विचार रुजला होता. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. काम करणारी बाई एकटीच आहे आणि तिची पावले वाचली पाहिजेत, या जाणिवेवर ते उभे होते.

यावर कोणी म्हणेल, साठवण तर लागतेच. लागते, पण तिला कोठीची खोली पुरते. वर्षाचे धान्य, डाळी, तेलाचे डबे ठेवायला मराठी घरांनी हीच सोय केली, आणि तिच्यात दुसरे सिंक कधी लागले नाही. खोल्यांचे उपयोग काळानुसार बदलतात, मग जुन्या हेतूला का धरून बसायचे, हाही आक्षेप रास्त आहे. त्याहून वजनदार आक्षेप खुल्या स्वयंपाकघराचा आहे: पाहुण्यांसमोर पसारा नको, म्हणून आड एक खोली हवी. पण इथेच जुना हेतू नव्या रूपात परततो. स्वयंपाक करणारीला सगळ्यांत आणण्यासाठी भिंत पाडली, आणि पसारा झाकायला दुसरी उभी केली, तर खरे काम आणि ते करणारे माणूस पुन्हा आतच जाते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांतली ड्राय बाल्कनी पाहा. वॉशिंग मशीन आणि नळ यांमधल्या चिंचोळ्या जागेत घरकामाच्या बाई भांडी घासतात, आणि बाहेरच्या खोलीतल्या कोणाला त्या दिसतही नाहीत.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. घरात वरचेवर मोठ्या पंगती उठत असतील आणि वाढायला, आवरायला वेगळी माणसे असतील, तर ही खोली जरूर बांधावी. मात्र तिला खिडकी, पंखा आणि बसायला जागा द्यावी. जिथे घरचीच दोन माणसे रांधतात, जेवतात आणि भांडी घासतात, तिथे ती जागा स्वयंपाकघरालाच द्यावी.